मोइन मोइनसाठी चवळी सोलायची सोपी युक्ती

नायजेरियातलं मोइन मोइन, म्हणजे वाटलेल्या चवळीची वाफवलेली वडी, घरी करताना सगळा वेळ जातो सालं काढण्यात. हाताने चोळत बसू नका.

१. चवळी १०-१५ मिनिटंच भिजवा. रात्रभर भिजली तर दाणा मऊ पडतो आणि सालासकट त्याचाही भुगा होतो.
२. मिक्सरमध्ये भरपूर पाणी घालून थांबत थांबत, क्षणभरच, चार-पाचदा फिरवा. दाण्याचे दोन-तीन तुकडे झाले, बस्स.
३. पातेल्यात ओतून ढवळा. वर आलेली सालं पाण्यासकट चाळणीत ओता. पाणी बदलत राहा. चुकार सालं राहिली तर राहू देत, काही बिघडत नाही.

आता तासभर भिजवून लाल ढोबळी मिरची, कांदा आणि तिखट मिरचीबरोबर गंधासारखं वाटा. मीठ, तेल घाला. तिकडे वाळवलेल्या क्रेफिशची पूड घालतात. आपली सुकटीची पूड चालते. तेल लावलेल्या वाट्यांत पाऊण तास वाफवा. सुरी कोरडी निघाली पाहिजे.

पाणी मात्र बेताने घाला. वाटण पळीवाढंच हवं. त्याहून पातळ झालं तर कितीही वाफवा, वडी धरत नाही.