मॅक, विंडोज की लिनक्स : आधी फाइल कोणाकडे जाणार ते पाहा

ध्वनिमुद्रण आणि छपाईसाठीची मांडणी ही दोन्ही कामे मी बरीच वर्षे करीत असल्यामुळे, या क्षेत्रात नव्याने येणारी मुले 'मॅक घेऊ की विंडोज?' असे मला हमखास विचारतात. तयार झालेली फाइल तुम्ही कोणाच्या हाती देणार आहात, असे मी त्यांना उलट विचारतो.

हा प्रश्न मला स्वतःला उशिराच सुचला. सुरुवातीला एका दिवाळी अंकाची काही पाने मी लिनक्सवर इंकस्केप या रेखाटन-मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडली आणि छापखान्याने कोरलड्रॉ या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरची फाइल मागितली, जी इंकस्केपमधून तयारच होत नाही. शिवाय आलेल्या जाहिरातींतील मजकूर युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरपद्धती येण्यापूर्वीच्या मराठी फाँटमध्ये होता. तो फाँट माझ्याकडे नसल्याने पडद्यावर रोमन अक्षरांची नुसती खिचडी दिसत होती. शेवटी साऱ्या अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते रेखाकार, करून पीडीएफ दिली, पण आदल्या रात्री एक दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करायची निघाली, तेव्हा तो परिच्छेद पुन्हा टाइप करावा लागला. कोरलड्रॉ 2019 पासून मॅकवरही पुन्हा मिळू लागले आहे; तरीही तुमच्या छापखान्यातील जुने फाँट आणि त्यांचे टायपिंगचे सॉफ्टवेअर मॅकवर चालते का, याची खात्री पैसे मोजण्यापूर्वीच करून घ्यावी.

आवाजाच्या कामात अडचण वेगळीच असते. संगणक आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजतो; त्या प्रत्येक मोजणीला सँपल म्हणतात आणि पुढे पाठवण्यापूर्वी काही सँपल तो ज्यात साठवतो, तो बफर. सेकंदाला 48,000 सँपल, म्हणजे 48,000 हर्ट्झवर बफर 128 सँपलचा ठेवला, तर सुमारे 2.7 मिलिसेकंदांचा उशीर होतो आणि 1024 चा ठेवला, तर तोच 21 वर जातो. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज इतका मागाहून ऐकू आला, की सराईत निवेदकही अडखळतो. मॅकमध्ये आवाज हाताळणारी कोअर ऑडिओ ही व्यवस्था मुळातच असते, तर विंडोजवर ऑडिओ इंटरफेसच्या (मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाच्या) उत्पादकाने दिलेला एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण कमी उशिराने चालवणारे सॉफ्टवेअर, लागतो आणि त्याच्या दर्जावर बरेच काही ठरते. माझ्या जुन्या विंडोज लॅपटॉपवर ध्वनिमुद्रणात दर काही सेकंदांनी 'टक्' असा आवाज येई. मी मायक्रोफोन बदलला, केबल बदलली. दोष मात्र वाय-फायच्या ड्रायव्हरमध्ये निघाला आणि वाय-फाय बंद करताच आवाज थांबला.

लॉजिक प्रो हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर केवळ मॅकवरच चालते, कारण 2002 मध्ये अ‍ॅपलने ते तयार करणारी एमॅजिक ही कंपनी घेतल्यावर त्याची विंडोज आवृत्ती बंद झाली. तुमचा संगीत संयोजक लॉजिकचे प्रोजेक्ट पाठवीत असेल, तर निवड आधीच झालेली आहे. रीपर हे तशाच कामाचे सॉफ्टवेअर तिन्हीकडे चालते. लिनक्सवर ध्वनिमुद्रणासाठी आर्डर आणि चित्रांसाठी क्रिता उत्तम आहेत, परंतु फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर तिथे मिळत नाहीत.

नुसत्या निवेदनासाठी मात्र महागडे यंत्र घेऊ नये. 24 बिटांचा, 48,000 हर्ट्झचा एका मायक्रोफोनचा आवाज तासाला सुमारे 518 एमबी जागा घेतो आणि एवढे काम साधा संगणकही पेलतो. त्रिमितीय चित्रांकन करणार असाल, तर काही रेंडरर (अंतिम चित्र तयार करणारी सॉफ्टवेअर) एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डाशिवाय चालत नाहीत, हे लक्षात घ्यावे. नव्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून ती घेतानाच पुरेशी घ्यावी.

सध्या मी ध्वनिमुद्रण मॅक मिनीवर करतो आणि तो विंडोज लॅपटॉप कोरलड्रॉपुरता ठेवला आहे. दोहोंमधली ने-आण एक्सफॅट या दोन्हीकडे चालणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट केलेल्या डिस्कवरून होते, कारण विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅक वाचतो, पण जादा सॉफ्टवेअरशिवाय तिच्यावर लिहीत नाही.