वेल डन म्हणजे मऊ नव्हे: बाहेर जेवताना स्टेक कसा मागवावा

मटण 'चांगलं शिजलंय' म्हणजे काय, हे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. हाडापासून सुटलेलं, दोन बोटांत तुटणारं. सावजी खानावळीत ते तसंच येतं आणि घरी रविवारी तसंच होतं. तोच माणूस चोर्ला घाट उतरून गोव्यात जेवायला बसतो, आत लाल दिसू नये म्हणून स्टेक, म्हणजे तव्यावर किंवा जाळीवर भाजलेला मांसाचा तुकडा, 'वेल डन' सांगतो, आणि समोर येतं ते चपलेच्या तळव्यासारखं. शिव्या खातो आचारी. पण त्याने सांगितलं तेवढंच केलेलं असतं. वेल डन याचा अर्थ आतपर्यंत भाजलेलं, एवढाच. मऊपणाचं वचन त्या शब्दात नाही.

मटण रश्श्यात तास-दीड तास रटरटतं किंवा कुकरच्या सहा-सात शिट्ट्या खातं, तेव्हा त्यातल्या चिवट पांढऱ्या धाग्यांचा, म्हणजे कोलॅजनचा, जिलेटिन होतो. मऊपणा येतो तो तिथून, आणि त्याला ओल आणि भरपूर वेळ लागतो. स्टेक तव्यावर किंवा जाळीवर असतो जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. एवढ्यात कोलॅजन विरघळत नाही. उलट मांसाचे तंतू आवळतात आणि पाणी बाहेर टाकतात. म्हणूनच कच्चा २५० ग्रॅमचा तुकडा वेल डन होऊन येईपर्यंत १७०-१८० ग्रॅमच उरतो. मेनूवर लिहिलेलं वजन बहुतेक वेळा कच्च्या मांसाचं असतं. 'वजन मारलं' म्हणून भांडण्याआधी हे लक्षात असू द्या.

पायऱ्या अशा. तुकड्याच्या मधोमध तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर रेअर, ५५ ला मिडियम रेअर, ६० ते ६३ ला मिडियम, ६५ ते ६८ ला मिडियम वेल, आणि ७१ च्या वर वेल डन. मिडियम वेल आणि वेल डन यांत फरक चार-पाच अंशांचाच, पण खाताना तो चांगलाच जाणवतो. मिडियम वेलमध्ये अगदी मध्यभागी फिकट गुलाबी रेघ राहते आणि रसही राहतो. लालपणाचं वावडं फक्त डोळ्यांना असेल, तर एकदा मिडियम वेल मागवून बघा. ताटात सांडतं ते लाल पाणी रक्त नसतं. रक्त कापतानाच निथळून जातं. हा रंग स्नायूंतल्या मायोग्लोबिनचा, आणि उष्णतेनेच तो तपकिरी होतो.

तरी वेल डनच हवा असेल, तर त्यात कमीपणा नाही. गरोदर बाई, म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारातून उठलेला माणूस यांच्यासाठी तोच योग्य. फक्त तो मागवायचा कसा, हे कळायला हवं. निम्मं काम वेटरशी बोलण्याआधीच, मेनू बघताना होतं.

आधी मांस कुठलं ते विचारा. कर्नाटकात २०२० च्या कायद्याने गाय, बैल, वासरू यांची कत्तल बंद आहे आणि म्हैस-रेडाही १३ वर्षांच्या वरचाच चालतो. जनावर जितकं जुनं, तितकं कोलॅजन घट्ट, आणि तव्यावरच्या पंधरा मिनिटांत त्याला काही होत नाही. त्यामुळे बेळगावात कॅम्प किंवा टिळकवाडीच्या बाजूला मेनूवर 'स्टेक' दिसला, तर तो बहुधा चिकनचा, माशाचा नाहीतर पनीरचा, आणि बहुतेक वेळा सिझलरच्या तव्यावर. बीफ स्टेकचा प्रश्न येतो तो मुख्यतः गोव्यात. तिथेही तो म्हशीचा की बैलाचा, हे वेटरला सरळ विचारावं. ज्यांना चालत नाही त्यांनी तर विचारावंच. लाजायचं कारण नाही.

मग तुकडा. वेल डनसाठी सगळे भाग सारखे नाहीत.

अंडरकट म्हणजे पाठीच्या कण्याखालचा, फार न वापरला जाणारा स्नायू. मूळचाच मऊ, त्यामुळे पूर्ण भाजला तरी दाताला त्रास देत नाही. चरबी मात्र त्यात जवळपास नसते, म्हणून कोरडा पडतो. तो घ्यायचा तर सॉससकट. रिब आयमध्ये, म्हणजे बरगड्यांकडच्या तुकड्यात, मांसाच्या आत चरबीच्या रेघा असतात. त्या वितळून तुकड्याला ओलसर ठेवतात. चांगला, चरबीदार रिब आय मिळत असेल तर वेल डनला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण आपल्याकडच्या म्हशीच्या मांसात त्या रेघा फारशा नसतात, तेव्हा नावावर भुलू नका. सरलॉइन, म्हणजे कमरेकडचा तुकडा, या दोन्हींच्या मधला. टी-बोन, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचं हाड असलेला तुकडा, टाळाच: हाडालगतचं मांस मागे राहतं, हाडापासून लांबचं पुढे जातं, आणि दोन्ही एकाच वेळी जमवणं आचाऱ्यालाही अवघड.

आता जाडी, आणि निम्मे घोटाळे इथेच होतात. एक सेंटिमीटरचा तुकडा दर बाजूला दोन-तीन मिनिटांत आतपर्यंत भाजतो. अडीच सेंटिमीटरचा साधारण सहा-सात मिनिटं दर बाजूला, वर पाच मिनिटं विसावा. चार सेंटिमीटरचा गलेलठ्ठ तुकडा मधोमध ७१ अंशांवर जाईपर्यंत बाहेरचा थर कोळसा होतो. तो ओव्हनमध्येच पुरा करावा लागतो, आणि गर्दीच्या रात्री तेवढी फुरसत कुठल्याही स्वयंपाकघरात नसते. तेव्हा जाड तुकडा असेल तर 'बटरफ्लाय करा' म्हणा. म्हणजे मधून आडवा चिरून पुस्तकासारखा उघडायचा, एक कड जोडलेली ठेवायची. जाडी निम्मी, वेळही कितीतरी कमी, आणि करपण्याचा प्रश्नच नाही. ताटात तो मोठा आणि चपटा दिसतो, तेवढं चालवून घ्या.

गोव्यात घरगुती वळणाच्या जागी पातळ कापांचा स्टेक मिळाला, लसूण, मिरी आणि व्हिनेगर चोळलेला, तर पूर्ण भाजलेलं खाणाऱ्याने दुसरीकडे बघूच नये. तो मुळातच पातळ आणि आतपर्यंत भाजायचा. पावाबरोबर उत्तम.

आता वेटरशी बोलणं. 'चांगलं शिजवून आणा' म्हणू नका. बेळगावात कन्नडमधून 'छलो बेयसरी' म्हटलं तरी अर्थ शिजवण्याकडेच जातो, आणि आत निरोप पोचतो तो 'खूप वेळ ठेवा' एवढाच. चिठ्ठीवर तर फक्त वेल डन हे दोन शब्द उतरतात. तुमचं बाकीचं भाषण टेबलापाशीच राहतं. म्हणून थोडकं आणि मोजकं सांगा:

'अण्णा, अंडरकट, वेल डन. आत गुलाबी नको, पण वरून काळा करू नका. जाड असेल तर बटरफ्लाय. सॉस वेगळ्या वाटीत. वेळ लागला तरी चालेल.'

आणि 'बटरफ्लाय' चिठ्ठीवर लिहायला लावा. शेवटचं वाक्य सगळ्यांत कामाचं. वेळ आहे म्हटलं की आचारी आंच मध्यम ठेवतो. घाई केली की आंच मोठी, मग बाहेरून काळा आणि आत गुलाबी, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. टेबलावर सहाजण असतील आणि एकट्यालाच वेल डन हवा असेल, तर तो सांगताना बाकीच्यांसाठी सूप नाहीतर काहीतरी तळलेलं मागवून ठेवा. नाहीतर पाचजणांच्या ताटल्या थंड होतात किंवा तुमचा तुकडा घाईत निघतो.

आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे: 'आधी उकडून ठेवता का?' पुष्कळ ठिकाणी जुन्या जनावराचं मांस आधी कुकरमधून काढतात किंवा कच्ची पपई लावून ठेवतात आणि मग तव्यावर रंग देतात. उकडलेलं असेल तर वेल डन की मिडियम हा प्रश्नच संपला. ते पूर्ण शिजलेलंच आहे. जाणकार अशा तुकड्याला स्टेक म्हणणार नाहीत, पण मटणाच्या तोंडाला तो जास्त आवडेल अशी शक्यता दाट आहे. पपई मात्र जास्त वेळ लागली तर मांस मऊ न होता पिठूळ होतं, वरचा थर काट्याला चिकटतो. आणि मांस ठेचलेलं किंवा सुया टोचून मऊ केलेलं असेल, तर ते पूर्ण भाजलेलंच खावं, कारण वरचे जंतू त्या भोकांतून आत गेलेले असतात. अखंड तुकड्यात ते पृष्ठभागावर असतात आणि तव्याचा पहिला चटका त्यांना पुरतो. खिम्याच्या पॅटीलाही हाच नियम. ती ७१ अंशांच्या खाली नकोच.

सिझलरचं गणित वेगळं आहे. लोखंडी तवा फुसफुसत येतो तो दिसायला झकास, पण टेबलावर आल्यावरही पाच-सात मिनिटं तो मांस भाजतच राहतो. वेल डन सांगितलेला तुकडा त्यावर ठेवला की तो वेल डनच्या पुढे जातो. तेव्हा सिझलरवर मागवताना मिडियम वेल सांगा. उरलेलं काम तवा करेल. किंवा वेल डनच सांगून साध्या प्लेटमध्ये आणायला सांगा. तव्यावर आलाच, तर तुकडा उचलून कोबीच्या पानावर किंवा भातावर सरकवा, लोखंडाला टेकू देऊ नका. सॉस तव्यावर ओतताना शिंतोडे उडतात. नॅपकिन आडवा धरावा.

ताट आलं की लगेच बघा. चिरायचं मधोमध, सगळ्यांत जाड जागी. कडेला चिरून काही कळत नाही, कड नेहमीच भाजलेली असते. अशा जागी दिवे बहुधा पिवळे आणि मंद असतात. त्या उजेडात गुलाबी तपकिरी दिसतो आणि तपकिरी गुलाबी. मोबाईलचा टॉर्च लावा, कुणी हसलं तरी. मध्यभाग राखाडी-तपकिरी आणि सुटणारा रस स्वच्छ असेल, तर झालं. आत लाल निघाला, तर तिथेच थांबा, दुसरा घास घेऊ नका, तुकडे पाडू नका. तुकडे केलेला स्टेक परत तव्यावर गेला की चामडं होऊन येतो. अखंड परत द्या आणि सांगा, 'तव्यावरच तीन-चार मिनिटं, मायक्रोवेव्हमध्ये नको.' मायक्रोवेव्हमधून तो रबर होऊन येतो. सॉस वेगळा मागवण्याचं कारणही हेच: सॉसमध्ये भिजलेला तुकडा परत भाजता येत नाही, सॉस आधी जळतो.

उलट बाजूही आहे. कमी भाजलेला परत भाजता येतो; जास्त भाजलेला मागे आणता येत नाही. कोरडा आला म्हणून वेल डनची तक्रार करणं फारसं न्यायाचं नाही, तो थोडा कोरडाच असतो. पण काळा, कडू, राखेच्या वासाचा आला, तर तो वेल डन नव्हे, करपलेला आहे, आणि नवा मागायचा तुमचा हक्क आहे. खमंग तपकिरी कवच आणि काळा कोळसा यांतला फरक भाकरी भाजणाऱ्या माणसाला सांगायला नको.

खाताना तंतू कुठल्या दिशेने धावतात ते बघा आणि त्यांना आडवं कापा, पातळ. लांब तंतू दाताने तोडायचे राहिले नाहीत की तोच तुकडा निम्म्याने मऊ लागतो. मिरीचा किंवा मश्रूमचा सॉस, नाहीतर लसूण-बटर प्रत्येक घासाला लावा. वेल डनला ओल बाहेरूनच द्यावी लागते. सुरी दातेरी मागा.

बाकीच्या मांसांचं थोडक्यात. चिकन स्टेक पूर्ण भाजण्याला पर्याय नाही, ७४ अंश, आत गुलाबी असेल तर परत. डुकराचं मांस आपल्या भागात पूर्ण भाजलेलंच खावं, पट्टकृमीमुळे. पोर्क चॉपला म्हणूनच वेल डन सांगा आणि पातळ चॉप मागा. मोठ्या हॉटेलांत परदेशी कोकराचा रॅक, म्हणजे बरगड्यांचा सलग तुकडा, असतो, तो वेल डन मागवणं म्हणजे पैसे वाया. बकऱ्याच्या चॉप्स बहुतेक आधी उकडलेल्याच असतात. सुरमईच्या आडव्या कापालाही स्टेक म्हणतात. तो काट्याने पाकळ्या सुटेपर्यंतच, पुढे गेला की कोरडा.

आणि खरोखर मऊच हवं असेल, दातांचा प्रश्न असेल, तर स्टेकचा नादच सोडा. गोव्यात आसाद विचारा; मसाला लावलेला अखंड तुकडा मंद आंचेवर भांड्यात शिजवून मग काप केलेले. किंवा लॅम्ब शँक, म्हणजे कोकराच्या पायाचा मंद शिजवलेला तुकडा, किंवा साधा स्ट्यू.

उरलेला वेल डन स्टेक दुसऱ्या दिवशी नुसता गरम केला तर चाववत नाही. रात्रीच फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी गार असतानाच तंतूंच्या आडवे, काडीसारखे पातळ काप करा. कांदा उभा चिरून मोठ्या आंचेवर परता, तीन-चार हिरव्या मिरच्या, ठेचलेला लसूण, चमचाभर व्हिनेगर, आणि काप शेवटच्या दोन मिनिटांसाठीच टाका.