कुरिअरवाल्याने सांगितलेला कोड डायल करू नका

‘पार्सल अडकलंय, डिलिव्हरी बॉयशी बोलण्यासाठी हा कोड लावा,’ असा फोन आला आणि कोडची सुरुवात *२१* किंवा *४०१* अशी असली, तर तो अजिबात डायल करू नका. त्यापुढचा दहा आकडी नंबर भामट्याचा असतो. कोड लागताच तुमचे सगळे कॉल त्याच्याकडे वळतात. एसएमएस वळत नाहीत, म्हणून तो ओटीपी कॉलवर मागवतो. व्हॉट्सअ‍ॅपची तशी सोय आहेच. बँकेने खात्रीसाठी केलेला फोनही तोच उचलतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

शंका आली तर *#२१# डायल करून पाहा. अनोळखी नंबर दिसला की ##००२# लावा, सगळी फॉरवर्डिंग रद्द होते. कोड चालला नाही, तर फोनच्या कॉल सेटिंगमधून बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन आजच लावा. नुसत्या ओटीपीवर मग खातं उघडत नाही.

पैसे गेलेच असतील, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधीच ते गोठवता येतात, त्यामुळे इथे मिनिटं मोलाची.