‘माझं तारण गेलं का?’ असं कोणी विचारलं तर काय करायचं

घरी प्रार्थनासभा घेणारे, युथ सांभाळणारे, संडे स्कूलच्या मोठ्या पोरांना शिकवणारे, यांच्यासाठी हे लिहितोय. तारण म्हणजे ख्रिस्तावरच्या विश्वासानं पापातून झालेली सुटका, आणि हा प्रश्न कधी ना कधी येतोच, आणि भर सभेत नाही येत. सभा संपलेली असते, चहा झालेला असतो, लोक दारात चपला शोधत असतात आणि एखादा मागं रेंगाळून हळूच म्हणतो, दादा एक विचारू का, माणसाचं तारण एकदा झालं की परत जाऊ शकतं का? मग आपण काय करतो, योहान 10:28 तोंडपाठ असतंच, येशूच्या हातातून कुणी हिसकावून घेणार नाही म्हणतो, पाठीवर थाप मारतो आणि गाडीला किक मारून घरी. नाहीतर एकदम उलटं, इब्री 6 काढतो, पडलेल्याला परत आणणं अशक्य म्हणणारा अध्याय, आणि आधीच घाबरलेल्याला आणखी घाबरवून पाठवतो. दोन्ही घाईचं काम आहे.

तर पहिलं काम म्हणजे उत्तर द्यायचं नाही. विचारायचं, ‘का रे, काय झालं?’ आणि गप्प बसायचं. तो ‘माणसाचं’ म्हणून विचारतो पण दहातल्या नऊ वेळा ते स्वतःचं किंवा घरातल्या कुणाचं तरी असतं. शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला एमआयडीसीत शिफ्टला जाणारं पोरगं, रविवार सारखा बुडतोय, मित्रांबरोबर बसायला लागलंय, बायबल उघडून महिने झालेत. किंवा घरात एकटाच विश्वासात आलेला, घरच्यांच्या आग्रहानं त्यांच्याबरोबर जोतिबाला गेला, प्रसाद घेतला, आणि आता रात्री पडल्या पडल्या विचार करतोय की आपलं संपलं का. (यावर 1 करिंथ 8 आणि 10 दोन्ही एका बैठकीत वाचा. 8 मध्ये पौल सांगतो की अन्नामुळं आपण देवाच्या जवळ जात नाही की लांब जात नाही, 10 मध्ये तो उपासनेत भाग घेण्याबद्दल कडक बोलतो, पण एका घासानं तारण जातं असं दोन्हीकडं कुठंच नाही. आणि घरच्यांशी भांडून ये असला सल्ला तर अजिबात देऊ नका, राहायचं त्याला त्याच घरात आहे.)

दुसऱ्या प्रकारचा माणूस घाबरलेला नसतो, त्याला फक्त सवलत पाहिजे असते. बाप्तिस्मा झालाय, कन्व्हेंशनमध्ये, म्हणजे मंडळ्यांच्या मोठ्या मेळाव्यात, उभा राहून साक्ष दिलीये, आता भिशीचे पैसे बुडवले काय नि बायकोवर हात उचलला काय, आपलं तिकीट पक्कं. तिसरा वाद घालायला आलेला असतो, त्याची तयारी तर नाद खुळा, यूट्यूबवरचे चार-पाच तासांचे डिबेट बघून आलेला असतो, आणि त्याला तुमचं उत्तर नकोच असतं.

हे आधी ओळखायचं का, तर शास्त्रात या प्रश्नावर दोन्ही प्रकारची वचनं आहेत आणि ती वेगवेगळ्या अवस्थेतल्या माणसांसाठी आहेत. योहान 10:28-29, रोम 8:38-39, फिलिप्पै 1:6, यहूदा 24, हे खचलेल्याला धरून ठेवायला. मत्तय 7:21-23, इब्री 10:26-29, योहान 15:6, 2 पेत्र 2:20-22, हे झोपलेल्याला हलवायला. आपल्याकडं नेमकी अदलाबदल होते. रडत आलेल्याला इब्री 10 मिळतो आणि बायकोला मारणाऱ्याला रोम 8. तो मारणारा मग ते वचन फ्रेम करून हॉलमध्ये लावतो. मला विचाराल तर या विषयातल्या निम्म्या जखमा या अदलाबदलीनं झाल्यात, सिद्धांतानं नाही.

घाबरलेल्याला कसं घ्यायचं ते जरा सविस्तर सांगतो. बारावी झालेलं एक पोरगं आलं होतं माझ्याकडं, चेहरा एवढासा.

‘काका, माझ्या डोक्यात येशूबद्दल घाण विचार येतात. मी मुद्दाम न्हाई आणत. पवित्र आत्म्याची निंदा झाली का माझ्याकडनं?’

‘आवडतात तुला ते विचार?’

‘न्हाई ओ. झोप लागत न्हाई त्यानं.’

मी त्याला मार्क 3 काढून दिला आणि 22 ते 30 मोठ्यानं वाचायला लावलं. येशू भुतं काढत होता, लोक बरे होत होते, आणि यरुशलेमहून आलेले शास्त्री समोर बघून म्हणत होते की हे भुतांचा अधिपती बालजबूल याच्या ताकदीनं चाललंय. त्यावर येशू म्हणाला की पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला कधीच क्षमा नाही, आणि 30 व्या वचनात मार्क स्वतःच सांगतो की तो ते का बोलला, तर याला अशुद्ध आत्मा लागलाय असं ते म्हणत होते म्हणून. मी त्याला म्हटलं, त्या शास्त्र्यांना त्या रात्री मस्त झोप लागली असणार बघ. पोरगं हसलं. मग पुढचं बोलता आलं.

इथं एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. असे विचार थांबतच नसतील, तीच पश्चात्तापाची प्रार्थना दिवसातून कितीतरी वेळा म्हणायला लागत असेल, बरोबर म्हटली नाही म्हणून परत पहिल्यापासून म्हणावी लागत असेल, तर तो प्रश्न नुसता तारणाचा राहत नाही, तो ओसीडीचा, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती थांबत नाहीत अशा आजाराचा असू शकतो आणि त्यावर औषधोपचार आहेत. प्रार्थना करा आणि मानसोपचार डॉक्टरकडं पण न्या, घरच्यांना विश्वासात घेऊन. उपास वाढव म्हणून सांगू नका.

आता पूर्ण ग्रुपमध्ये हा विषय घ्यायचा असेल तर. आधी खोलीत कोण बसलंय ते बघा, कारण कोल्हापुरात एका खोलीत चार परंपरा सहज बसतात. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 ला इथं आले तेव्हापासूनची प्रेस्बिटेरियन घराणी आहेत, त्यांच्या बेळगावच्या सोयऱ्यांत मेथडिस्ट आहेत, शेजारी कॅथलिक, कुणाची मावशी मुक्तिफौजेतली (सॅल्व्हेशन आर्मी), आणि तरुण पोरं बरीचशी पेंटेकॉस्टल फेलोशिपला जाणारी. प्रत्येकाला वाटतं आपलंच सगळे मानतात. म्हणून सुरुवातीची दहा मिनिटं फक्त कोण काय मानतं एवढंच सांगा, कुणाची टिंगल न करता.

प्रेस्बिटेरियन लोकांचा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार, म्हणजे त्यांच्या विश्वासाचं लेखी निवेदन, 1646 चा, त्याच्या 17 व्या अध्यायात आहे की देवानं ज्यांना खरोखर बोलावलं ते कृपेच्या अवस्थेतून पूर्णपणे आणि कायमचे पडू शकत नाहीत. पण त्याच अध्यायात पुढं हेही आहे की ते मोठ्या पापात पडू शकतात, काही काळ त्यातच राहू शकतात, दुसऱ्यांना इजा करू शकतात. आपली म्हातारी माणसं ‘एकदा तारण म्हणजे कायमचं तारण’ म्हणतात ना, ते या अध्यायाचं अर्धंच वाक्य झालं. हा वाद हॉलंडमध्ये आधीच पेटलेला होता, तिथला धर्मपंडित आर्मिनियस याच्या अनुयायांनी 1610 ला पाच मुद्दे मांडले, गंमत म्हणजे त्यात या प्रश्नावर त्यांनी ठाम उत्तर दिलंच नाही, शास्त्रातून अजून तपासायला पाहिजे एवढंच म्हटलं. 1618-19 च्या डॉर्टच्या धर्मसभेनं मग त्यांच्या विरोधात निर्णय दिला. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे वेस्ली आणि त्यांचे मेथडिस्ट म्हणाले, खरा विश्वासीसुद्धा पडू शकतो आणि परतही येऊ शकतो. मुक्तिफौजेच्या सिद्धांतात स्पष्ट आहे की तारणाच्या अवस्थेत टिकणं हे ख्रिस्तावरच्या आज्ञाधारक विश्वासात टिकण्यावर अवलंबून आहे. कॅथलिक शिकवण, ट्रेंटच्या धर्मसभेत 1547 ला ठरलेली, अशी की प्राणघातक पापानं कृपा जाते आणि पापनिवेदनाच्या संस्कारानं परत मिळते. लुथरन पण म्हणतात जाऊ शकतं. म्हणजे ‘सगळे ख्रिस्ती असं मानतात’ हे वाक्य इथं कुणीच वापरायचं नाही, हा नियम आधीच सांगून टाका.

मग सरळ इब्री 6 वर या, कारण त्याला टाळून हा विषय होतच नाही. 4 ते 6 वचनं. ज्यांना प्रकाश मिळाला, स्वर्गीय दानाची चव मिळाली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, ते जर पडले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडं आणणं अशक्य. वाचल्यावर खोलीत शांतता होते, होऊ दे. मग प्रत्येकाला त्याच्या बाजूची अडचण सांगायला लावा, समोरच्याच्या बाजूची नाही, स्वतःच्या. इथं खरा अभ्यास होतो. तारण जात नाही म्हणणारा सांगेल की हे लोक कधी खरे विश्वासी नव्हतेच, 1 योहान 2:19 सारखे, आपल्यातून निघाले पण आपले नव्हते. ठीक, पण मग ‘पवित्र आत्म्याचे भागीदार’ हे शब्द नुसत्या नावाच्या ख्रिस्त्याला बसतात का? ते त्याला जड जायलाच पाहिजेत. तारण जातं म्हणणारा खूश होईल, पण त्याला विचारा, मग इथं तर लिहिलंय परत आणणं अशक्य, आणि तुम्ही दर कन्व्हेंशनला मागं पडलेल्यांना पुढं या म्हणून बोलावता ते कसं? त्यालाही घाम फुटतो. काही जण म्हणतात इथं तारणाची नाही, बक्षिसाची गोष्ट आहे, 1 करिंथ 3:15 सारखी, पण 8 व्या वचनातलं काटेकुसळांचं, शापाजवळ आलेलं शेत बघितलं की ते फार सौम्य वाटतं, मला तरी.

आणि मग 9 वं वचन वाचा. हे विसरूच नका, बहुतेक लोक 8 ला पुस्तक मिटतात. लेखक लगेच म्हणतो, प्रियजनांनो, आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याबद्दल आमची खात्री याहून चांगल्या, तारणाशी संबंधित गोष्टींची आहे. म्हणजे इतकी कडक ताकीद दिली ती ज्यांच्याबद्दल त्याला आशा आहे त्यांनाच. हे लोक कोण, तर छळ सोसलेले, ज्यांची मालमत्ता लुटली गेली (10:34), आणि जे आता येशूला सोडून जुन्या यहूदी रीतीकडं परत जायच्या विचारात होते. रविवारी झोपून राहिलेल्याची ही गोष्ट नाही.

तुमचं स्वतःचं मत विचारतील, ते शेवटीच सांगा, आधी सांगितलंत तर अर्धे लोक वाचायचं बंद करून तुमची बाजू घेतात. माझं म्हणाल तर मी जुन्या प्रेस्बिटेरियन बाजूचा. मला वाटतं देव आपल्या माणसाला शेवटपर्यंत सांभाळतो, आणि सांभाळतो तो या ताकिदीतूनच. कोल्हापूरकरांना हे समजवायला सोपं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांना इशारा पातळी, 43 ला धोका पातळी. इशारा आला की चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं घेऊन बाहेर पडतात. कुणी असं म्हणत नाही की आम्ही वाचलो म्हणजे इशारा खोटा होता, आणि आम्ही वाचणारच होतो मग इशारा कशाला असंही म्हणत नाही. इशारा ऐकला म्हणून वाचले. तसं मी इब्री 6 वाचतो. मेथडिस्ट मित्र म्हणतात, पण जो बसून राहिला तो बुडालाच ना? मुद्दा आहे त्यात, आणि त्यावर आमचं अजून चालू आहे.

सभा चालवताना बारीक गोष्टी. एक तास, जास्त नाही. ज्याचा जो अनुवाद असेल त्यात वाचू दे, सीमेकडच्या एखाद्याकडं कन्नड बायबल असलं तर त्यालाही वाचायला लावा, त्यानं वेग कमी होतो आणि तेच पाहिजे. पौलाला सोडून गेलेला देमास, येशूला नाकारलेला पेत्र, त्याला धरून दिलेला यहूदा इस्कर्योत यांची नावं निघतीलच. पेत्रावर लूक 22:31-32 घ्या, तो नाकारायच्या आधीच येशूनं त्याच्यासाठी प्रार्थना केली होती आणि ‘तू परत आलास की भावांना स्थिर कर’ हेही सांगून ठेवलं होतं. वाद घालायला आलेल्याला वाचनाचं काम द्या, पूर्ण 1 योहान मोठ्यानं वाचायला सांगा, पाचच अध्याय आहेत, दमतो तो. सवलतवाल्याला ग्रुपमध्ये काही बोलू नका, एकटं गाठा आणि वचनाआधी भिशीचे पैसे कधी देणार ते विचारा. बायकोवर हात उचलत असेल तर बोलणं त्याच्याशी नंतर, आधी ती सुरक्षित आहे का ते बघा, तिला माहेरी जायचं असेल, पोलिसात जायचं असेल तर तिच्या बाजूनं उभे राहा, तारणाचा विषय थांबू शकतो.

आणखी एक प्रश्न येतो तो सगळ्यात अवघड. एखादी बाई विचारते, माझा भाऊ गेला, लहानपणी संडे स्कूलला होता, शेवटची कित्येक वर्षं चर्चमध्ये पाऊल नाही, दारूतच गेला, तो तारला का? इथं तुमचा सिद्धांत कुठलाही असू दे, निकाल द्यायचा नाही. हो पण नाही, नाही पण नाही. 2 तीमथ्य 2:19, आपले कोण ते प्रभूला माहीत आहे, एवढं सांगा, येशूशेजारी वधस्तंभावर मरता मरता त्याच्याकडं वळलेल्या चोराचं सांगा, कारण त्याच्या शेवटच्या तासाचा हिशेबही बाहेरच्या कुणाला लागला नसता, आणि तिला भावाबद्दल बोलू द्या. दफनाच्या दिवशी कुणी हा विषय काढलाच, काढणारा असतोच एखादा, तर त्याला हाताला धरून बाहेर न्या आणि खुर्च्या मोजायला लावा.