सा-प, सा-प करत पेटी लावताय? या चुका टाळा

षड्ज-पंचम भावाने, म्हणजे सा वरून प, मग त्या प ला सा धरून पुढचा प असं करत, हार्मोनियमचे बाराच्या बारा सूर निघतात हे कुठेतरी ऐकलं की हौशी लोक लगेच कानस घेऊन पेटी उघडून बसतात. निघतात हो बारा सूर, पण पुढे परत सा येतो तो जुना सा नसतो. 240 हर्ट्झचा सा धरा, दीडपट केली की प 360, त्याची दीडपट 540, निम्मी करून सप्तक खाली आणली की रे 270, असं बारा वेळा केलं की सा येतो 243.3 ला! साधारण 23.5 सेंट चढा, म्हणजे शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा जवळजवळ पाव हिस्सा.

मीही हेच केलंय. पांढरी एकपासून, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून निघालो, सा-प च्या अकरा जोड्या अशा जुळवल्या की लहर (सूर न जुळल्यावर आवाजात येणारी थरथर) म्हणून नाही. शेवटी पांढरी चार आली. आता तिचा पंचम म्हणजे परत पांढरी एक, ती तर लावलेलीच आहे, मग कशाला तपासा? संध्याकाळी भजनाला बुवा आले आणि म्हणाले पांढरी चारचा सा द्या. सा-प धरला तर पेटी अक्षरशः विव्हळायला लागली. युरोपात या पंचमाला लांडगा म्हणतात ते का, ते त्या दिवशी कळलं. बुवांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि काळी तीनमध्ये गायले, तिथला सा-प सुरेख होता ना!

तेव्हापासून मी प्रत्येक पंचम किंचित उतरता ठेवतो, जेमतेम 2 सेंट, म्हणजे ते 23.5 सेंट बाराही जोड्यांत वाटले जातात. मधल्या सप्तकात सेकंदाला साधारण एक लहर ऐकू आली की थांबतो, आणि शेवटची जोडी न ऐकता झाकण लावत नाही. सूर तपासायचं अॅप हाच उतरता पंचम बरोबर धरतं, म्हणून त्यावर हिरवा दिवा लागला की झालं म्हणणाऱ्यांना तंबोऱ्याचा पंचमही 2 सेंट चढा दिसतो, मग ते बिचारा तोच बिघडवतात.

गंधाराचं वेगळंच. चार पंचम चढून आलेला ग 303.75, तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो 300 च्या हिशेबातला. पहिला ग "शास्त्रशुद्ध" म्हणून तंबोऱ्यावर रेटू नका, कान किटतात.

शुद्ध म वर चढत शोधू नका, सहाव्या पायरीला तीव्र म भेटतो. शुद्ध म सा च्या खाली आहे, 240 भागिले दीड, मग दुप्पट, 320.

दीडपट करताना सप्तक खाली आणायला विसरणारेही आहेत, त्यांना काय बोलणार.

आणि कानस जपून. पेटीतला सूर म्हणजे पितळेची पातळ पाती, तिच्या टोकाला घासलं की आवाज चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. एकदा फिरवा, पाती जागेवर बसवा, भाता मारून ऐका, मग पुन्हा काढा. कंटाळा येतो, मला पण येतो, पण घासून गेलेलं पितळ परत येत नाही आणि मग तेच लोक मला फोन करतात.