आफ्रिकी रानकुत्र्याचा जीनोम अभ्यासताय? या चुका टाळा

मुंबईतल्या कॉलेजांत एमएस्सीचे प्रोजेक्ट सुरू झाले की मेसेज ठरलेला: "मॅडम, जनुक गायब आहे!" आफ्रिकी रानकुत्र्याच्या पुढच्या पायाला पाचवं बोट नसतं, म्हणजे जीनोममध्ये (त्याच्या संपूर्ण डीएनएमध्ये) काहीतरी सनसनाटी हरवलेलं असणारच, असं सगळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

एका मुलाने रानकुत्र्याचे रीड्स (यंत्राने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे) पाळीव कुत्र्याच्या जीनोमवर बसवले. एका जनुकाच्या पहिल्या एक्झॉनवर (जनुकाच्या एका तुकड्यावर) कव्हरेज शून्य, म्हणजे तिथे एकही रीड बसला नाही. झालं! दादरहून रंगीत पोस्टर छापून आणलं, 'उत्क्रांतीत हरवलेलं जनुक'. मी म्हटलं, तोच तुकडा कोळसुंद्यात (आशियातल्या रानकुत्र्यात) बघ, लांडग्यात बघ. तिथेही शून्य. पाळीव कुत्र्याच्या रीड्समध्येही जेमतेम दोन-चार. तुकड्यात जीसीचं (डीएनएतल्या जी आणि सी या अक्षरांचं) प्रमाण भरमसाट, त्यामुळे पीसीआरमध्येच (डीएनएच्या प्रती काढतानाच) तो गळाला होता. असे भाग २००५ साली टाशा या बॉक्सर कुत्रीवरून बनवलेल्या जीनोममध्येही ठिकठिकाणी अपुरे राहिले होते. म्हणून 'हरवलं' म्हणायच्या आधी मी आयजीव्ही (रीड्स पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडते, शेजारी श्वानकुळातले आणखी दोन नमुने लावते आणि डोळ्यांनी बघते. रात्रभर पाइपलाइन चालवणाऱ्यांना हा अर्धा तास जड का जातो, देव जाणे.

दुसरी खोड, बदललेल्या जनुकांच्या यादीवरून गोष्ट रचणं. हाडाचं जनुक दिसलं की 'बोट इथेच गेलं', स्नायूचं दिसलं की 'लांब पल्ल्याची शिकार'. कुठल्याही सस्तन प्राण्याची यादी काढा, असं काहीतरी सापडतंच. जनुकातल्या बदलाने प्रथिनात काय बिघडलं ते दाखवा, मग बोलू.

कोळसुंदा आणि आफ्रिकी रानकुत्रा, दोघांच्याही खालच्या दाढेला मांस कापणारी एकच धार असते. पण हे दोघांत स्वतंत्रपणे घडलं, असं लगेच लिहू नका. या दोन वंशांत पूर्वी संकरातून जनुकांची देवाणघेवाण झाल्याच्या खुणा २०१८ च्या अभ्यासात सापडल्या आहेत. उत्तर अमेरिकेतल्या लांडग्यांचा काळा रंग तर पाळीव कुत्र्यांकडून आलेला, हे २००९ मध्येच दाखवलं गेलं.

विष्ठेतून डीएनए काढलात तर भक्ष्याचाही येतो, तो गाळा.

एका प्राण्यावरून अख्ख्या जातीबद्दल बोलू नका.

आणि विक्रोळीच्या कांदळवनातल्या कोल्ह्यांमध्ये 'शहरी अनुकूलन' शोधायचं असेल, तर वनखात्याची परवानगी येईपर्यंत आसपासच्या भटक्या कुत्र्यांचे नमुने गोळा करायला लागा. कोल्हा आणि कुत्रा यांचा संकर होऊ शकतो, म्हणजे कुत्र्याकडून आलेलं जनुकच 'अनुकूलन' वाटू शकतं. ती तुलना नसेल तर मला ड्राफ्ट पाठवू नका.