हॉस्पिटलबरोबर उपकरण बनवायचंय? आधी वॉर्डात उभं राहा

दरवर्षी प्रकल्पाची मुलं येतात: "मॅडम, प्रोटोटाइप तयार आहे, टेस्टिंगला हॉस्पिटल मिळवून द्या." मी त्यांना प्रोटोटाइप कपाटात ठेवायला सांगते आणि रिकाम्या हातांनी वॉर्डात पाठवते.

डॉक्टर कितीही ओळखीचे असले तरी परवानगी डीन किंवा अधीक्षकांकडून लेखी घ्या. राउंडच्या वेळी गर्दी करू नका. शिफ्ट बदलताना सिस्टर एकमेकींना काय सांगतात ते कान देऊन ऐका, खरी अडचण तिथेच कळते. रुग्णांची नावं आणि फोटो मात्र टिपणात नकोत.

सलाईनचंच बघा. २० थेंबांना १ मिलि देणारा सेट आहे, ५०० मिलिची बाटली ४ तासांत द्यायची आहे, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. सिस्टर एका हाताने क्लॅम्प फिरवतात, नजर थेंबांवरून घड्याळावर, तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून हाक येते. रुग्णाने कोपर दुमडलं की वेग पुन्हा बदलतो. मुलांना यावर मोबाइल ॲप करायचं असतं. सिस्टरना हवं असतं स्टँडला एका हाताने अडकवता येईल, स्पिरिटने पुसता येईल आणि वीज गेली तरी चालेल असं काहीतरी. त्याच्या इशाऱ्याचा आवाज नर्सिंग स्टेशनपर्यंत पोचावा, पण शेजारचा रुग्ण दचकून उठू नये. हे सगळं जसंच्या तसं लिहून काढा आणि डॉक्टर, सिस्टर, बायोमेडिकल टेक्निशियन अशा तिघांच्या सह्या घ्या.

मग करार. खर्च कोणाचा, डेटा कोणाकडे, पेटंटची मालकी कोणाची, हे काम सुरू होण्याआधी ठरवा. कल्पना सिस्टरची असेल तर पेटंटवर संशोधक म्हणून त्यांचं नाव लागलंच पाहिजे. इथे मी तडजोड करत नाही. पोस्टर किंवा पेपरच्या आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज भरा, पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

संमतीपत्र सोप्या मराठीत लिहा आणि वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवा. "म्हणजे काय?" असं त्या जिथे विचारतील ते वाक्य बदला, मगच एथिक्स कमिटीकडे, म्हणजे रुग्णांवरचा अभ्यास योग्य आहे का ते तपासणाऱ्या समितीकडे, पाठवा. बाजारात तसं उपकरणच नसेल तर मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ प्रमाणे केंद्राकडे चाचणीच्या परवानगीसाठी एमडी-२२ हा अर्जही करावा लागतो. पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे रुग्णांवरच्या चाचण्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी हवी.

वाट दाखवणारं कोणी हवं असेल तर आयआयटी मुंबईच्या 'बेटिक' या वैद्यकीय उपकरणं घडवणाऱ्या केंद्राचं काम पाहा. पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटीही त्यात सामील झाले. घाई करणाऱ्यांना मी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची हृदयाची झडप सांगते. सर्जन आणि इंजिनिअर एकाच संस्थेत होते, तरी आधीची मॉडेल्स बाद करावी लागली आणि झडप रुग्णाला बसायला १९९० साल उजाडलं.

अभ्यास संपला की निकाल, चांगला असो वा वाईट, आधी वॉर्डाला सांगा. उपकरण तिथेच राहणार असेल तर बॅटरी आणि सुटे भाग कोण पुरवणार, हे लेखी देऊन मगच निघा.